चाळिसावा खिळा

“बाई, लेकराच्या तोंडाजोळ खिळा नका जाऊ देऊ. गोड लागते थो. गोड लागते म्हणूनच सांगून राह्यलो.”

उकंडामामांनी हे सांगितलं त्या दिवशी कांताबाई हसल्या होत्या. मोठ्यानं नाही. शिकलेली माणसं अडाण्याला हसतात तशा, ओठ मिटून. हसायला कारणंही भक्कम होती. एक तर त्या नागपूरच्या बी.ए., आणि उकंडामामा चौथी नापास. दुसरं असं की उकंडामामा हेही सांगत, छापखान्यातल्या माणसानं रोज गुळाचा खडा खाल्ला की शिसं पोटात टिकत नाही. आणि सव्वीस वर्षं गूळ खाऊन त्यांचं स्वतःचं उजवं मनगट वाळक्या दोडक्यासारखं खाली लोंबत होतं. गुळाचं जसं, तसंच हेही असणार. तिसरं कारण सगळ्यांत शास्त्रीय होतं. शाळेत असताना कांताबाईंनी डझनावारी शिसपेन्सिली चावून फस्त केल्या होत्या, आणि तरी त्या दुसऱ्या वर्गात पास झाल्या होत्या.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हे बी.ए.ला शिकवत नाहीत.

गोष्ट एकसष्ट सालची, यवतमाळची. कॉलेजच्या मागे कापसाच्या जुन्या जिनिंगचं एक गोदाम पडून होतं. तिथं आदल्या वर्षीच विद्यापीठाच्या अनुदानातून ‘मुद्रण स्वाध्यायशाळा’ उघडली होती. मुलांनी पुस्तकं नुसती वाचू नयेत, स्वतःच्या हातानं छापायला शिकावं, अशी थोर कल्पना. प्राचार्य विठ्ठलरावांनी दारावर पाटी लावली: ‘हात मळतील तर मन उजळेल.’ ती पाटी सिनेमाच्या पेंटरकडून रंगवून आणली होती, कारण कॉलेजात हात मळवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं, शिशाच्या सुट्या अक्षरांनी भरलेले लाकडी खण होते (या अक्षरांनाच छापखान्यात खिळे म्हणतात), आणि भिंतीवर एकवीस नियम होते. नियम पहिला: खिळ्यांना हात लावू नये.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, “सर, मग शिकायचं कसं?”

“निरीक्षणानं,” विठ्ठलराव म्हणाले. “अहो, तुम्ही हात लावाल, खिळे झिजतील, शाई लागेल. उद्या विद्यापीठाची कमिटी आली म्हणजे दाखवायचं काय? तुमचे हात?”

तेव्हापासून विद्यार्थी वहीत ट्रेडल मशीनचं चित्र काढत. ज्याचं चाक गोल येई त्याला पैकीच्या पैकी मार्क.

या शाळेत नोकर दोन. उकंडामामा अमरावतीच्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता म्हातारे झालेले. मनगट पडलं म्हणून तिथून निघाले आणि इथं लागले, कारण इथं काम करायचं नव्हतं. दुसऱ्या कांताबाई, पदाचं नाव निदेशिका. कोणी खिळ्यांना हात लावत नाही ना, एवढं पाहणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाला त्यांच्याइतकं लायक माणूस जिल्ह्यात सापडलं नसतं. पाहणं हा त्यांचा स्वभावच होता. नवरा देवराव नेरच्या शाळेत मास्तर, शनिवारच्या एस.टी.नं यायचा आणि सोमवारी जायचा. घरात सासू तुळसाबाई आणि दहा महिन्यांची विशाखा. या विशाखावर कांताबाईंचा पहारा असा, की तुरुंगाच्या जेलरनं येऊन धडे घ्यावेत. पाणी दोनदा उकळायचं. दिवसातून तीनदा थर्मामीटर. एका वहीत दूध किती प्यायली, शी कोणत्या रंगाची झाली, शिंका किती आल्या, सगळं तारीखवार.

“कांते,” तुळसाबाई म्हणायच्या, “माहे सात झाले. एकाची बी वही नाई केली म्या.”

“सातातले किती राहिले, आत्याबाई?”

तीन राहिले होते. अशा वेळी कांताबाईंना आपण जिंकलो असं वाटायचं, आणि मग घटकाभर स्वतःचीच लाज वाटायची. ती लाजही वहीत लिहावी एवढी त्यांची शिस्त नव्हती.

छप्पनच्या दसऱ्याला या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर तुळसाबाईंनी स्वतःच्या हातानं देव्हारा उचलून विहिरीत सोडला. तेव्हापासून घरात ना ताईत, ना काळा दोरा, ना दृष्टीची मीठमिरची. कांताबाईंना याचा अभिमान होता. फक्त एक व्हायचं. आळीतल्या सगळ्या लेकरांच्या गळ्यात काही ना काही असायचं. कुणाला वाघनख, कुणाला ताईत, कुणाला चांदीचा चंद्र. आणि विशाखाचा गळा मोकळा. बाया बघायच्या, मग आपसात बघायच्या. कांताबाईंना रात्री उगाच वाटायचं, आपला विश्वास पक्का आहे. पण तापाला ते माहीत आहे का?

उकंडामामा पोटाच्या कळांनी बेजार होऊन केळापूरला गावी रजेवर गेले. त्याच आठवड्यात कांताबाईंना तोडगा सुचला. मोडीत काढलेल्या खिळ्यांचा एक डबा कोपऱ्यात होता. त्यात बोटाच्या पेराएवढा ‘वि’ सापडला, कोपरा किंचित उडालेला. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, अक्षर सुलटं धरलं की नाही हे जुळाऱ्याच्या अंगठ्याला कळावं म्हणून. दोरा बांधायला ती मुद्दाम केल्यासारखी होती. कांताबाईंनी खिळा सोड्यानं धुतला, उकळत्या पाण्यातून काढला, रेशमी दोरा खाचेत बांधला आणि विशाखाच्या गळ्यात घातला.

“हे काय वं?” तुळसाबाईंनी विचारलं. “ताईत?”

“ताईत कसला! अक्षर आहे, आत्याबाई. तिच्या नावाचं.”

तुळसाबाईंनी खिळा तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. “माह्या बापाले शाळेच्या वट्ट्यावर चढू नाई दिलं,” त्या म्हणाल्या. “अन् माही नात अक्षर गळ्यात घालून हिंडते.” त्यांचे डोळे भरून आले. अशा प्रसंगी कोणती सून म्हणेल, की थांबा, कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं?

विशाखाला दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात जायचं, आणि गळ्यातला खिळा तर चोवीस तास हाताशी. तो ती इतक्या आवडीनं चोखायची, की देवराव शनिवारी आले तेव्हा कौतुकानं म्हणाले, “अक्षरांची गोडी बापावर गेली आहे.” कांताबाईंनी वहीत लिहिलं: ‘दोरा रोज धुतला.’

फेब्रुवारीत विद्यापीठाची कमिटी येणार असं ठरलं. विठ्ठलरावांची धांदल उडाली. दीड वर्ष एकही कागद न छापता स्वाध्यायशाळा चकचकीत राहिली होती, पण कमिटीला नुसता चकचकाट दाखवून भागत नाही, काहीतरी कल्पक लागतं. त्यांची नजर गोदामाच्या ओट्यावर, नातीला आईकडे घेऊन आलेल्या तुळसाबाईंच्या मांडीवर बसलेल्या विशाखावर गेली आणि ते जागीच थांबले.

“बाई! हे काय? वा! अहो, हेच तर आपलं ब्रीद! घरोघरी अक्षर! पाहुण्यांच्या प्रत्येक लेकराच्या गळ्यात एक अक्षर घालू. डब्यातले खिळे घ्या. मोडीतले आहेत, झिजायचा प्रश्नच नाही.”

कांताबाईंनी चाळीस खिळे निवडले, चाळीस दोरे बांधले. सोड्यानं धुतले, उकळले. कोणतं अक्षर कोणत्या लेकराला दिलं, नाव काय, पत्ता काय, याची यादी केली. सवयीनं.

समारंभ देखणा झाला. कमिटीनं मशीनभोवती प्रदक्षिणा घातली, खिळ्यांना हात न लावता त्यांचं कौतुक केलं, चिवडा खाल्ला. शेवटी लोकनृत्य. त्यासाठी राळेगावकडच्या एका तांड्यावरच्या बंजारा बाया ट्रकनं आणल्या होत्या. उन्हात तीन तास थांबवून मग दहा मिनिटं नाचवल्या. त्यांच्यातली एक, बिजलीबाई, कमरेवर आठ-नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन कांताबाईंच्या टेबलाशी आली.

“बाई, सायेबाच्या पोराईले दिलं थे माह्या पोरीले बी दे ना.”

“नाव काय तिचं?”

“सुखी. तिच्याच नावाचं दे. दुसऱ्याचं कायले घालू?”

एकोणचाळीस वाटून झाले होते. हातात एकच उरला होता, ‘क’चा. कांताबाईंनी तो परत डब्यात टाकला, आणि अर्धा डबा उपसून ‘सु’ शोधून काढला. स्वतः सुखीच्या गळ्यात बांधला. बिजलीबाई हसली तेव्हा तिच्या हनुवटीवरचं गोंदण पसरलं. सुखीनं तो लगेच तोंडात घातला. दोघीही आया तिच्याकडे बघून हसल्या.

यादीत चाळिसावं नाव लिहिताना कांताबाईंनी विठ्ठलरावांना विचारलं, “सर, यांचा तांडा कोणता?”

“लिहा, नृत्यपथक,” विठ्ठलराव म्हणाले. “त्यांना कसला पत्ता!”

कांताबाईंनी लिहिलं: नृत्यपथक. पुढचा रकाना कोरा ठेवला. ट्रक तोवर दाराशीच उभा होता, दहा पावलांवर. पण चिवड्याच्या बशा परत आल्या की नाही हे पाहायचं काम तेवढ्यातच निघालं.

होळीच्या सुमारास विशाखा बिघडली. आधी खाणं सुटलं. मग उलट्या. मग पोट धरून असं रडायची, की शेजारी भिंतीवर थाप मारत. अंग पांढरं पडत चाललं. वहीची पानं भरत गेली आणि सल्ल्यांनी घर भरलं.

“दात येऊन राह्यले तिले,” तुळसाबाई म्हणाल्या.

“नजर हाय,” शेजारची सुखावून म्हणाली. “गळ्यात बांदलं, पन मंतर नाई टाकला. नुसत्या दोऱ्यानं का होते?”

डॉक्टरांनी जंताची पूड दिली. आठ दिवसांनी दुसरी पूड दिली. कांताबाईंनी पाणी तीनदा उकळायला सुरुवात केली. दुधावर संशय घेतला, गवळ्यावर घेतला, सासूच्या नखांवर घेतला, देवरावांच्या नेरहून येणाऱ्या कपड्यांवर घेतला. जगात जेवढ्या गोष्टींवर संशय घेता येतो त्या सगळ्यांवर घेतला. एक राहिली. ती त्यांनी स्वतः धुऊन उकळून गळ्यात घातली होती ना!

मार्च संपता संपता उकंडामामा रजेवरून परतले. ओट्यावर तुळसाबाईंच्या मांडीवर विशाखा मान टाकून पडलेली. तोंडात खिळा. रडायचंही बळ नव्हतं.

मामांनी डाव्या हातानं खिळा हळूच ओढून काढला. अंगठ्यानं तिचा ओठ उलटा केला. बराच वेळ बघत राहिले. मग कांताबाईंकडे वळले आणि स्वतःचा खालचा ओठ खाली ओढला. दातांच्या मुळाशी हिरडीवर काळीनिळी रेघ होती, काजळाच्या काडीनं ओढावी तशी.

“हे पाहून ठेवा,” ते म्हणाले. “सव्वीस वर्साची हाय. आता इची पाहा.”

विशाखाला वर दोन, खाली दोन दात होते. चारही दातांच्या मुळाशी तीच रेघ. बारीक, पण तीच.

वहीत सगळं होतं. हिरड्यांचा रकाना नव्हता.

“मामा,” कांताबाईंच्या तोंडून निघालं, “तुम्ही सांगितलं होतं.”

“सांगतलं होतं तं सांगतलं होतं. आता तासभर त्यावर रडू नका. बारा वाजताची मोटार धरा, नागपूरची. डाक्टरले पहिले शिसं म्हना, मंग नमस्कार करा.”

दोरा त्यांनी दातांनी तोडला, कारण कात्री शोधायला कांताबाईंना दिसत नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे गेले. सुया, रक्त काढणं, परत सुया. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर हे चाललं असतं तर मेंदूवर गेलं असतं, झटके आले असते. त्यापुढचा प्रश्न विचारायचं कांताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा टाळलं. विशाखा एकविसाव्या दिवशी दवाखान्याच्या खाटेचा गज धरून उभी राहिली आणि परिचारिकेला चावली. त्या चाव्याइतकी सुंदर गोष्ट कांताबाईंनी कुठं पाहिली नव्हती.

त्याच रात्री, विशाखा शांत झोपलेली असताना, त्यांना ती यादी आठवली. चाळीस.

यवतमाळला उतरल्या त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत.

“सर, वर्तमानपत्रात जाहीर करा. खिळे परत मागवा. आजच.”

विठ्ठलरावांनी चष्मा पुसला. “बाई, तुम्ही थकला आहात. आपण एक चौकशी समिती नेमू.”

“लेकरं चोखून राह्यली असतील, सर!” घाबरल्या की त्यांच्या तोंडची बी.ए. गळून पडायची.

“म्हणून तर घाई नको. लोकांना अक्षरांची दहशत बसली तर? संस्थेच्या लौकिकाचं काय? आणि कमिटीचा अहवाल यायचा आहे अजून. त्यांनी या उपक्रमाची विशेष प्रशंसा केली आहे.”

तेव्हा कांताबाई आणि उकंडामामा यादी घेऊन दारोदार निघाले. ओशाळल्या आया होत्या, चिडलेले बाप होते. एका वकिलीणबाईंनी सुनावलं, “तुमच्या पोरीला बाधलं म्हणून आमच्या बाळाला बाधेल होय?” पण खिळा दिला, चिमट्यात धरून. एकोणतीस खिळे असे हातात आले. उरलेल्या दहा घरी वेगळीच कथा. तिथं खिळा गळ्यात गेलाच नव्हता. दोरा कोणत्या घरच्या बाईनं ओवला हे समारंभातच कानोकानी झालं होतं, आणि घरी पोचताच तो नालीत, नाहीतर उकिरड्यावर. त्या दहा लेकरांना विटाळानं वाचवलं. शिवाशिवीच्या नावावर एवढं एक पुण्य जमा आहे, तेव्हा ते नोंदून ठेवलेलं बरं.

उकंडामामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “बाई, माह्या मायनं बी मले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं होतं. आधीचे मेले म्हणून. म्हणून तं उकंडा. उकिरड्यानं लेकरं वाचतात, पाह्यलं ना?”

कांताबाईही हसल्या. या वेळी ओठ मिटून नाही.

एकोणतीस आणि दहा, एकोणचाळीस. राहिली बिजलीबाई. नृत्यपथक, पुढे कोरं. ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, राळेगावच्या पुढे नाक्यावरून बसवल्या, नाक्यावर उतरवल्या. कांताबाई राळेगावला दोन रविवार जाऊन आल्या. आसपास सहा तांडे. चार पालथे घातले. दोनदा दुसरीच बिजलीबाई निघाली. पाचव्यात कळलं की बरीच घरं कामावर गेली आहेत, कुठं ते सांगता येत नाही.

तिसऱ्या रविवारी कांताबाईंनी धूळ झाडायच्या निमित्तानं स्वाध्यायशाळेची किल्ली घेतली. उकंडामामा स्टुलावर बसले, लोंबतं मनगट मांडीवर ठेवून. कोणता खण, कोणतं अक्षर, खाच अंगठ्याकडे कशी, हे तोंडानं सांगत राहिले. कांताबाईंनी खिळ्यांना हात लावला. दीड वर्ष राखण केलेल्या अक्षरांना पहिल्यांदा. ओळीमागून ओळ, चुकत, उपसत, पुन्हा लावत. मग मामांनी रुळाला शाई दिली आणि पाय चालवला. मशीन धडधडलं. ‘मुद्रण स्वाध्यायशाळे’त छापला गेलेला हा पहिला मजकूर. हात मळले. मनाचं माहीत नाही.

काम झाल्यावर मामांनी गुळाचा खडा पुढे केला. कांताबाईंनी आधी सोड्यानं तीनदा हात धुतले, नखं घासली. मग गूळ घेतला. गुळानं काही होत नाही, हे त्यांना आता डॉक्टरांकडून पक्कं ठाऊक होतं. तरी घेतला.

पाचशे कागद निघाले. राळेगावच्या एस.टी.त, बाजारात, चक्कीवर, ते वाटले गेले. चाकोरीप्रमाणे, अर्थात, विठ्ठलरावांच्या सहीचा मेमोही आला: नियम पहिला मोडल्याबद्दल. तो कांताबाईंनी वहीत चिकटवून ठेवला. त्या पाचशे कागदांतला एक हा:

‘वाचणाऱ्यास विनंती. स्वतःला वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या.

राळेगावच्या बाजूच्या एका तांड्यावर बिजलीबाई नावाची बाई आहे. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. तिची मुलगी सुखी, आता वर्षाची असेल. त्या मुलीच्या गळ्यात तांबड्या रेशमी दोऱ्यात शिशाचं एक अक्षर आहे, ‘सु’. ते विष आहे. ती ते चोखते. मुलगी जेवत नसेल, ओकत असेल, पोट धरून रडत असेल, तर दात येत आहेत असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. ओठ उचलून हिरडी पाहा. निळी रेघ दिसली तर त्याच दिवशी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि पहिला शब्द शिसं म्हणा.

बिजलीबाईला बोल लावू नका. तिनं मागितलं ते प्रेमानं मागितलं. दोरा मी बांधला, पत्ता मी विचारला नाही.

तुम्ही कापूस घेऊन जात असाल, लग्नाला जात असाल, नुसते वाटेनं जात असाल, तरी तांडा दिसला की थांबा. सुखी कुठं आहे विचारा. तिचा गळा पाहा. आणि ती कशी आहे, तेवढं मला कळवा. – कांताबाई, मुद्रण स्वाध्यायशाळा, यवतमाळ.’